आईच्या मशीनची नोंद

माझ्या कॉम्प्युटरवर गेल्या एकोणीस वर्षांत विंडोज शिरलेलं नाही, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. लोक उपास पाळतात, मी हे पाळते. पॉलिटेक्निकच्या एका जुन्या सरांनी लिनक्सची सीडी दिली, ती लावली ती लावलीच. पुढे नोकरीही त्यातच मिळाली. एका परदेशी कंपनीचे सर्व्हर मी घरी बसून सांभाळते. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळे सहा-सात वर्षं रात्रपाळी केली. दीड वर्षापूर्वी दिवसपाळी मागून घेतली. या कामात कुणाशी तोंडाने बोलावं लागत नाही. तक्रार लेखी येते, उत्तर लेखी जातं, तक्रार मिटली की तिच्यासमोर 'बंद' असं लिहायचं. मला हे फार सोयीचं वाटायचं.

घरात आम्ही दोघीच. मी रूपाली, वय त्रेचाळीस, लग्न केलं नाही, आणि आता कुणी विचारतही नाही. आई लताबाई, वय बहात्तर. इगतपुरीच्या रेल्वे दवाखान्यात तिने तीस वर्षं आया म्हणून काम केलं. बाबा तिथेच रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलायचं काम. दोघं रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकरोडला आलो, जेलरोडच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाबांचं नाव धोंडीराम. दगडासारखं नाव आणि भोंग्यासारखा आवाज. आयुष्यभर गाड्यांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, ती घरातही सुटली नाही. पेपर वाचताना ते पेपरशी भांडायचे. भाजी निवडताना आईला रेल्वेतले जुने किस्से सांगायचे, तेच तेच, आणि दर वेळी नव्याने हसायचे. मला त्यांचा आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि मी हेडफोन लावायचे. दीड वर्षापूर्वी ते गेले. एका रात्रीत गेले. त्या रात्रीबद्दल मी बोलत नाही.

आईचा डावा कान पूर्ण गेलेला, उजवा अर्धा. तीन वर्षांपूर्वी उजव्या कानाला मशीन बसवलं. कानामागे अडकवायचं, बोटाच्या पेराएवढं, आत बटणासारखा सेल. मशीन येण्याआधी आम्हा दोघींची एक पद्धत पडली होती. मी माझ्या खोलीतून तिला मोबाइलवर मेसेज करायचे. 'चहा?' ती लिहायची, 'हो'. 'जेवायला ये.' 'आले.' आई सातवी शिकलेली, पण मेसेज झकास लिहायची, पुढे फूलही टाकायची. मशीन आल्यावर बाबांनी मेसेज बंद करायला लावले. "कान आणलाय ना तिला नवा? मग तोंड हलव की." बाबा गेल्यावर मेसेज परत सुरू झाले. कधी सुरू झाले ते आठवत नाही. पहिल्या आठवड्यातच असतील.

टीव्हीही बंद झाला. बाबांशिवाय तो कुणी लावत नव्हतं, आणि मला दुसरा स्क्रीन हवा होता. आई म्हणाली, "घे की. मी काय बघते त्यात." मी टीव्ही काढून माझ्या टेबलावर ठेवला. मोठा स्क्रीन, छान झालं काम. भिंतीवर चौकोनी डाग राहिला, तिथे आईने बाबांचा फोटो लावला, शेजारी बुद्धांची छोटी तसबीर. इतकी शांतता घरात कधीच नव्हती, आणि खरं सांगते, मी त्या शांततेवर खूश होते.

तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आई माझ्या खोलीच्या दारात आली. मेसेज न करता स्वतः आली, म्हणजे काहीतरी मोठं असणार. म्हणाली, "रूपा, हे मशीन आता डबीत घालून ठेव. काय उपयोग नाय याचा."

तक्रार आली की माझ्या डोक्यात फॉर्म उघडतो. कधीपासून? रोज की अधूनमधून? आधी काय बदललं? मी उठले, तिच्या पाठीमागे जाऊन हळूच म्हटलं, "आई." तिने लगेच मान वळवली.

"आलं की ऐकू."

"आत्ता आलं," ती म्हणाली. "एरवी नाय. दिवस दिवस लावून बसते. कान दुखतो नुसता."

अधूनमधून होणारा बिघाड. आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट काही नाही. तुम्ही बघायला गेलात की सगळं ठीक चालतं, पाठ वळली की बंद. शिवाय सेलही फार लवकर संपत होते. एक सेल दहा-बारा दिवस जायचा, तो आता पाचव्या दिवशी बदलावा लागत होता. म्हणजे आत कुठेतरी बॅटरी खाल्ली जाते आहे. मला दोन खुणा सापडल्या आणि मी मनातल्या मनात बिघाडाचं नावही ठरवून टाकलं.

त्याच दिवशी पुण्याहून माझ्या भावाचा, महेशचा फोन आला. आईने त्याला काय सांगितलं होतं कोण जाणे. तो म्हणाला, "ताई, मी आईला घेऊन जातो इकडे. महिनाअखेरीच्या रविवारी येतो गाडी घेऊन. कायमचीच येते म्हणते ती."

"कायमची? का?"

"तिला तिथे करमत नाही. मशीनपण चालत नाही म्हणते. तू कामात असतेस."

मला राग आला. महेश वर्षातून दोनदा येतो आणि आल्यावर आईचे सेल कुठे मिळतात हेही त्याला माहीत नसतं. मी म्हटलं, "मशीन बिघडलंय म्हणून तिला करमत नाही. मशीन नीट झालं की राहील ती. तू रविवारी ये, पण जेवून जा एकटाच." फोन ठेवल्यावर मात्र आई नसलेलं घर डोळ्यासमोर आलं. रिकामा फ्लॅट, मी आणि सर्व्हर. आई गेली तर मला 'जेवायला ये' असं लिहायलाही कुणी उरणार नव्हतं. तीन आठवडे होते हातात.

जिथून मशीन घेतलं ते सेंटर बंद पडलेलं. गंगापूर रोडच्या दुसऱ्या सेंटरमध्ये गेलो तर तिथल्या माणसाने मशीन हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाला, हे मॉडेल आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आता दिसतच नाही, नवीन घ्या. आई रिक्षात बसल्यावर म्हणाली, "नवं नको. मला आता नकोच काय." मी तिच्या हातावर थोपटलं आणि मोबाइल काढून जुन्या सेंटरमधल्या वेदिकाचा नंबर शोधला. ती श्रवणतज्ज्ञ. आईचं मशीन तिनेच बसवलं होतं. लग्न होऊन इंदूरला गेली होती.

वेदिका भली मुलगी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जुन्या सेंटरच्या तिच्याकडे राहिलेल्या तीन वस्तू आठवड्याच्या आत कुरिअरने पाठवल्या. मशीन ज्यातून तपासतात तो प्रोग्रामर, म्हणजे साबणदाणीएवढा एक डबा, त्याला दोन वायरी. सॉफ्टवेअरची सीडी. आणि एक पेनड्राइव्ह, त्यात आईची जुनी फाइल. फोनवर म्हणाली, "मॅडम, हे फक्त जुन्या विंडोजवर चालतं. विंडोज सेव्हनवाला एखादा कॉम्प्युटर मिळवा. जोडा, तपासा, सेटिंग बदला. अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासाचं. हे वाक्य मला नंतर फार टोचलं.

कारण तसा कॉम्प्युटर मिळतही होता. बिटको चौकाजवळ राकेशचं रिपेअरिंगचं दुकान आहे. बाबांच्या ओळखीतला, आमच्याच विहारात येणारा. मला सीडी वाचायचा ड्राइव्ह हवा होता म्हणून त्याच्याकडे गेले. काम सांगितलं तर तो म्हणाला, "जयभीम ताई, त्यात काय एवढं? माझ्याकडे सेव्हनवाला डबडा पडलाय एक. संध्याकाळी आणून देतो घरी."

"नको," मी म्हटलं. "माझ्याच मशीनवर चालवते. वाईनमध्ये."

तो हसायला लागला. "ताई, आख्ख्या नाशिकमध्ये वाईन म्हटलं की लोक प्यायला जातात. तुम्हीच एक तिच्यात सॉफ्टवेअर बुडवणाऱ्या."

मीही हसले. पण त्याचा कॉम्प्युटर घेतला नाही. आज विचार केला तर कळतं की मला आईचं मशीन दुरुस्त करायचं होतं हे खरं, पण ते माझ्या पद्धतीने करायचं होतं हे जास्त खरं. एकोणीस वर्षं पाळलेलं एका संध्याकाळी कोण मोडणार?

वाईन म्हणजे काय ते सांगते, फार नाही. विंडोजसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर सारखं विंडोजला काहीतरी विचारत असतं. फाइल कुठे आहे, वेळ काय झाली, हा डबा कोणत्या जागी जोडलाय. लिनक्सवर त्याला उत्तर द्यायला विंडोज नसतं. मग मधे हे वाईन बसतं, आणि ते विंडोजच्या आवाजात उत्तर देतं. सॉफ्टवेअरला शेवटपर्यंत कळत नाही की आपण परक्या घरात आहोत. उत्तरं बरोबर मिळाली की ते सुखाने चालतं. एखादं उत्तर चुकलं की रुसून बसतं, आणि का रुसलं ते सांगत नाही.

पहिले पाच दिवस ते उघडलंच नाही. मग उघडलं तर अक्षरांच्या जागी चौकोन. मग अक्षरं आली तर आईची फाइल उघडेना, कारण त्याला जुन्या जमान्यातला कुठला तरी डेटाबेस हवा होता. तो आणून घातला. मग डबा सापडेना. डब्यावर हिरवा दिवा लागायचा, म्हणजे तो जिवंत होता, पण सॉफ्टवेअर म्हणायचं डबा जोडलेला नाही. नोकरीचं काम झालं की मी हे घेऊन बसायचे, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बसायचे. भूक लागायची नाही. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी मनापासून करावंसं वाटत होतं, आणि ते आईसाठी होतं. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, लपवत कशाला.

आई अधूनमधून दारात येऊन उभी राहायची. एकदा चहा घेऊन आली. नेहमी ती चहा ओट्यावर ठेवून मेसेज करते, पण त्या दिवशी कप हातात घेऊन आली आणि तिथेच थांबली. "काय चाललंय गं एवढं?" तिने विचारलं. मी नेमकी एका चुकीच्या मागे होते, ती हातातून निसटेल म्हणून मी मान न वळवता नुसता तळहात वर केला. थांब. ती थोडा वेळ थांबली. मग कप ठेवून गेली. मी दहा मिनिटांनी मेसेज केला, 'तुझ्याच मशीनचं काम चालू आहे.' तिचं उत्तर आलं, 'बरं.' पुढे फूल नव्हतं. ते मला तेव्हा दिसलं नाही, नंतर मेसेज चाळताना दिसलं.

महिनाअखेरीच्या शनिवारी दुपारी मला चूक सापडली. महेश दुसऱ्या दिवशी येणार होता. आईने कपड्यांची पिशवी भरून कपाटापाशी ठेवलेली होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. चूक इतकी क्षुल्लक होती की मला हसू आलं. डबा उत्तर देत होता. पहिल्या दिवसापासून देत होता. पण मधल्या वायरीत ते उत्तर सोळा मिलिसेकंद अडकायचं आणि सॉफ्टवेअर तेवढं थांबायला तयार नव्हतं. विचारायचं, वाट बघायचं नाही, आणि म्हणायचं की समोर कुणी नाहीच. मी सोळाचा एक केला. एका ओळीचं काम. पुन्हा चालू केलं आणि स्क्रीनवर डब्याचं हिरवं चित्र उमटलं.

मी धावत आईकडे गेले. ती गॅलरीत उन्हात मटार सोलत बसली होती. मी हात पुढे केला, कानाकडे बोट दाखवलं. तिने मशीन काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ते गरम होतं, अंगाच्या उबेने.

वायर लावली. सॉफ्टवेअरने मशीन ओळखलं, नंबर दाखवला, आईचं नाव दाखवलं. मी तपासणी सुरू केली. माइक ठीक. स्पीकर ठीक. बॅटरी जितकी जायला हवी तितकीच जात होती. मी पुन्हा तपासलं. सगळीकडे हिरव्या खुणा. तिसऱ्यांदा तपासलं. मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता.

मग 'नोंद' नावाचं पान उघडलं. मला माहीत नव्हतं की ही मशीनं नोंद ठेवतात. वेदिकाला फोन करून विचारलं तेव्हा कळलं. गेल्या वर्षभरात मशीन रोज सरासरी किती तास कानात होतं, आणि त्या वेळात आजूबाजूला काय होतं, एवढं ते लिहून ठेवतं. काय बोललं गेलं ते नाही, फक्त किती वेळ बोलणं होतं, किती वेळ गोंगाट होता, किती वेळ काहीच नव्हतं.

वेदिकाच्या पेनड्राइव्हमध्ये जुनी नोंद होती, अडीच वर्षांपूर्वीची. रोजचा वापर नऊ तास. बोलणं एक्केचाळीस टक्के.

आत्ताची नोंद: रोजचा वापर बावीस तास. शांतता शहाण्णव टक्के. बोलणं दोन टक्के.

माझा पहिला विचार काय होता सांगू? की वाईनने घोळ घातला. सॉफ्टवेअर परक्या घरात चालतंय, आकडे चुकीचे वाचत असणार. मी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. दुसऱ्या वायरीने वाचलं. मग उठले, राकेशला फोन केला आणि म्हटलं, तो डबडा घेऊन ये, आत्ता. तो अर्ध्या तासात आला, स्कूटरवर पुढे कॉम्प्युटर ठेवून. एकोणीस वर्षांनी माझ्या टेबलावर विंडोज उघडलं. सीडी घातली, डबा जोडला, मशीन जोडलं. राकेशने घड्याळ बघितलं नाही, पण मी बघितलं. पंचवीस मिनिटं लागली.

बावीस तास. शांतता शहाण्णव. बोलणं दोन.

"नीट आहे की मशीन, ताई," राकेश म्हणाला. "हे बोलणं दोन टक्के म्हणजे काय?"

मी म्हटलं, "काही नाही. तू जा. नंतर नेशील."

तो गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. एक्केचाळीस टक्के म्हणजे बाबा. पेपरशी भांडणारे, किस्से सांगणारे, कुकर झाला का म्हणून ओरडणारे बाबा. ते गेले आणि घरात बोलायला मी उरले. आणि माझ्या खात्यावर दोन टक्के. त्यातही भाजीवाली असेल, खालची मुलं असतील, महेशचा फोन असेल. दीड वर्षात मी आईशी किती बोलले याचा आकडा माझ्यासमोर होता आणि त्यात वाद घालायला जागा नव्हती. तीन आठवडे मी एका ठणठणीत मशीनचा बिघाड शोधत होते. तेवढे दिवस तिच्याजवळ नुसती बसून मटार सोलले असते तरी मशीन दुरुस्त झालं असतं.

मला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला. पण बावीस तासांचं कोडं सुटत नव्हतं. माणूस झोपताना मशीन काढतो. वेदिकाने बजावून सांगितलं होतं, रात्री काढून डबीत ठेवायचं, कानाला हवा लागू द्यायची. बावीस तास म्हणजे आई झोपेतही ते लावत होती. सेल पाच दिवसांत संपत होते ते म्हणून. कान दुखत होता तोही म्हणून. पण का?

मी मशीन घेऊन गॅलरीत गेले. आईने मटारचं ताट बाजूला सरकवलं. मशीनशिवाय तिला आता धड काही ऐकू येत नव्हतं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि स्वतःच्या हाताने तिच्या उजव्या कानामागे मशीन अडकवलं. तिथली कातडी लाल झालेली होती, घासून घासून. हे मी किती दिवसांत बघितलं नव्हतं?

"झालं का नीट?" तिने विचारलं.

"त्यात काही बिघडलंच नव्हतं, आई. चांगलं आहे मशीन. मीच बोलत नव्हते तुझ्याशी."

तिने मान हलवली. तिला नवल वाटलं नाही. जणू मी तिला माहीत असलेलीच गोष्ट सांगत होते.

मी विचारलं, "रात्रीपण लावून झोपतेस?"

तिने एक शेंग उचलली, फोडली, दाणे ताटात पाडले.

"तुझे बाबा गेले त्या रात्री काढून ठेवलं होतं मी," ती म्हणाली. "उशाशी डबीत. त्यांनी हाक मारली असंल. मारलीच असंल, एवढा मोठा आवाज त्यांचा. मला नाय आली ऐकू. सकाळी उठले तर ते बाथरूमच्या दारात. तवापासून काढत नाय मी." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तवापासून तू बोलत नायस माझ्यासंगं. मी समजले. म्हटलं, बरोबर हाय पोरीचं. बाजूला झोपलेल्या बाईला कळू नये? म्हणून महेशला बोलावलं. तुला रोज माझं तोंड बघायला नको."

दीड वर्ष ही बाई रात्रभर कानात मशीन घालून पडून राहत होती, जी हाक येऊन गेली तिच्यासाठी. आणि दिवसा माझी वाट बघत होती, मी कधीतरी तोंड उघडून तिला दोष देईन म्हणून. मी मात्र मेसेज करत होते. चहा? हो. जेवायला ये. आले.

मी नुसतं 'तुझा दोष नाही' म्हणाले असते तर तिला ते पटलं नसतं. महेशने म्हटलं असणार, विहारातल्या बायकांनी म्हटलं असणार. तिला पटेल असं माझ्याकडे एकच होतं, आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्याच्यामुळे मी दिवसपाळी मागून घेतली होती, त्याच्यामुळेच तिच्यासमोर बसायचं टाळत होते. समोर बसले की ते बाहेर पडेल अशी भीती वाटायची.

"आई, मी जागी होते," मी म्हटलं. "त्या रात्री. माझी पाळी होती. बाथरूमपासून माझी खोली चार पावलांवर. माझे कान चांगले आहेत, आई. पण मी हेडफोन लावून बसले होते, गाणी चालू होती त्यात. मधे एकदा काहीतरी वाटलं म्हणून काढला होता हेडफोन. एकदाच. काही आवाज नव्हता. मी परत लावला. उठून बघितलं नाही. तुला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. दोषी तू नाहीस, मी आहे. तू कुठेही जाऊ नकोस. तू नाहीस, आई, मी आहे!"

मी किती मोठ्याने बोलत होते याचं मला भान नव्हतं. समोरच्या बिल्डिंगमधली बाई कपडे वाळत घालता घालता थांबून आमच्याकडे बघू लागली. आईने ताट खाली ठेवलं. दोन्ही हात पदराला पुसले, पुढे झुकली आणि माझं तोंड आपल्या ओल्या, मटाराचा वास येणाऱ्या हातांत धरलं.

"ओरडू नको," ती म्हणाली. "येतंय मला ऐकू."